द्रासला निघालेल्या चार भरलेल्या टाक्या

“टाकी फुल करूनच स्टेशनवर या,” हा मेसेज मीच चौघांना पाठवला होता. वर अंगठ्याचं चित्रही लावलं होतं. आता नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसातले बाबू चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते.

“रेल्वेत मोटरसायकल चढवाची त टाकी रिकामी लागते. पेट्रोल पेटते, हे बी सांगा लागते काय तुमाले?”

सांगावं लागलं. एकवीस वर्षं मी टूर आखतो, पण बसच्या. युद्धस्मारकांची मोटरसायकल टूर ही पहिलीच. जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे श्रीनगरवरून द्रास, कारगिल. रेल्वेच्या नियमांचा कागद मी वाचला होता. चष्म्याशिवाय.

बुकिंग बाराला बंद. वाजले होते सव्वाअकरा.

तिघं म्हणाले, तिकडे जम्मूत भाड्याच्या गाड्या घेऊ. चौथे उमरेडचे दादाराव, फौजेतले रिटायर्ड हवालदार. ते जुन्या मोटरसायकलच्या सीटवर हात ठेवून उभे होते. गाडी त्यांच्या दोस्ताची, सुखदेवची. सुखदेवचं नाव द्रासच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

“त्याले म्हटलं होतं, तुह्या गाडीवर पहाड पाहू,” दादाराव म्हणाले. “गाडी नाही, त मी बी नाही.”

चार टाक्यांतलं पन्नासेक लिटर पेट्रोल ओतायचं कुठे? तेवढ्यात पार्किंगकडे लक्ष गेलं. आपल्याकडे माणूस गावाला निघाला की अर्धं खानदान सोडायला येतं. प्रवासी चार, स्कूटर तेरा. तेरावी माझ्या बायकोची. सुनंदा माझा विसरलेला चष्मा घेऊन आली होती.

कुणीतरी नळ्या आणल्या आणि दादाराव पुन्हा हवालदार झाले.

“लाइनीत या! बिडीवाला कोण हाय? तिकडं दूर जा!”

एका मावशींनी भाच्याला फोन लावला. “काहून बसला गा घरी? गाडी घेऊन ये, पेट्रोल वाटून राहिले!”

बाराला सहा मिनिटं कमी असताना चारही टाक्या कोरड्या झाल्या. बाबूंनी वाकून पाहिलं, हुंगलं आणि शिक्का मारला. टाळ्या अशा पडल्या, जणू शिखर तिथंच सर झालं.

आठव्या दिवशी द्रासहून दादारावांचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

“साहेब, पोचलो आमी. दोघं बी.”

माझ्या चेकलिस्टची पहिली ओळ आता ‘टाकी रिकामी’ अशी आहे. दुसरी, ‘सोडायला येणाऱ्यांनी स्कूटर आणावी’.

फोन ऐकून सुनंदानं डोळे पुसले. मग म्हणाली, “पुढची टूर कधी हाय जी? माही गाडी रिझर्वले आली.”