उलटा विणला गेलेला ग

लिफ्टमध्ये शिरलं की शेजारचे काका आधी तुमच्या हातातल्या मोबाइलकडे बघायचे आणि मग विचारायचे, "हे मुळात आलं कुठून, माहितीये?" आमचा मजला येईपर्यंत तुम्ही फ्रान्समधल्या कुठल्याशा विणकराच्या घरात पोचलेले असायचात. दार उघडलं तरी काका बटण दाबून ठेवायचे. सुटका नाही! ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत निम्मे लोक जिना चढून सडपातळ झाले, ते त्यांच्यामुळेच.

काका कोलशेतच्या एका कारखान्यात संगणक विभागात होते. त्या काळी संगणकाला हुकूम द्यायचे ते जाड कार्डांना भोकं पाडून. ही युक्ती मूळची विणकरांची. भोक असेल तिथला दोरा उचलला जायचा, नसेल तिथला खालीच राहायचा, आणि कापडावर फूल उमटायचं. "कार्डं बदला, फूल बदलेल. माग तोच! झाला की नाही प्रोग्राम?" हे सांगताना तो माग खुद्द त्यांच्या पणजोबांनी बनवला असावा, असा चेहरा.

काकूही त्याच कारखान्यात कार्डांना भोकं पाडायच्या कामाला होत्या. त्या घराच्या दारातून म्हणायच्या, "अहो, सोडा तिला. कुकर लावायचाय तिला."

एका गणपतीत सोसायटीनं काकांना फॅन्सी ड्रेस आणि ऑर्केस्ट्राच्या मधला वेळ दिला. महिनाभर त्यांच्या घरातून ठोकाठोक ऐकू येत होती. त्यांनी लाकडाचा छोटा माग बनवला. काकूंनी दोरे ओवले. भोकं पाडायला त्या पुढे झाल्या, तर म्हणाले, "नको, या वेळी मीच पाडणार."

कार्यक्रमात काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कार्डामागून कार्ड सरकलं, कापड वाढलं, आणि त्यांनी ते ऐटीत उंच धरलं. गणपतीचा ग उमटला होता, पण उलटा, आरशात दिसतो तसा. कार्डं उलट्या बाजूनं बसली होती.

"काका, बाप्पा पाठ फिरवून बसला की!" कोणीतरी ओरडलं. हॉल हसला. काकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "मागानं काही चूक केली नाही हो. तुम्ही सांगितलंत तेच केलं." हॉल आणखी हसला. काकांनी कापडाची घडी केली आणि खाली उतरले.

त्यानंतर ते लिफ्टमध्ये नुसती मान डोलवायचे. आठवडाभर बरं वाटलं. मग करमेना. शेवटी मीच त्यांची बेल वाजवली. "काका, मोबाइल हँग होतोय. मुळात हे हँग होणं आलं कुठून?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. थट्टा त्यांना कळली होती. तरी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बस. वेळ लागेल." चहा दोनदा झाला.

काका गेल्या थंडीत गेले. मी काकूंना भेटायला गेले. त्या आपणहूनच बोलू लागल्या.

"लग्नाआधी हे रोज माझ्या टेबलाशी यायचे. म्हणायचे, तुमचं एक कार्ड चुकलंय बहुतेक, जरा बघता का? एकही चुकलेलं नसायचं गं. मला माहीत असायचं."

"मग?"

"मग काय! मी सगळा गठ्ठा पुन्हा तपासायचे. सावकाश."