निंबाखालचा ओटा

माझा स्वभाव चिडका आहे, हे मला कोणी वेगळं सांगायला नको. पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईला गोड बोलून भागत नाही. मोटरीचा पट्टा फिरू लागला की ओरडावंच लागतं, आणि मग आवाज तसाच राहून जातो. सत्तरचं दशक लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. प्रताप नगर नुकतंच वसत होतं. चार घरं, दहा मोकळे प्लॉट आणि आमची गिरणी.

गिरणीसमोर एक मोठा कडुनिंब होता. आम्ही प्लॉट घेतला तेव्हापासूनच होता. हे गेले तेव्हा पदरी मूलबाळ नव्हतं. नातेवाईक तेरावं उरकून आपापल्या गावी परतले आणि गिरणी तेवढी माझ्यासोबत उरली. बाया दळण घेऊन यायच्या, डब्यांची रांग लावायच्या आणि निघून जायच्या. संध्याकाळी शटर पाडलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नसे. मी भिंतीवरच्या पालीला शिव्या द्यायची, तेवढंच.

म्हणून मी निंबाभोवती ओटा बांधला. लोकांना सांगितलं, गिऱ्हाईकांची सोय. वर शहाबादी फरशी घातली आणि सिमेंट थेट बुंध्याला भिडवलं. बुंध्यात एक ढोली होती, तीही गवंड्याकडून सिमेंटने बुजवून घेतली. गवंडी म्हणाला, आता झाड पक्कं झालं. मलाही तसंच वाटलं. आपल्याकडे पडकं दिसलं की सिमेंट, हीच रीत.

आणि खरंच, बाया बसायला लागल्या. नागपूरच्या उन्हात तशी सावली मिळते कुठे? अकरा ते एक ओटा भरलेला असायचा. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाची सासू कशी वागते, कोणाचं वरण लागलं, सगळं तिथे निघायचं. दोन दळणांच्या मध्ये मी उगाच मोटर बंद करून दारात उभी राहायची. "काकू, मोटर बिघडली का वं?" असं कोणी विचारलं की मी खेकसायची, गरम झाली म्हणून. मोटर बर्फासारखी थंड असायची. माझा दिवस म्हणजे ते दोन तास होते, हे आज सांगते. तेव्हा कोणी विचारलं असतं तर अंगावर गेले असते.

एका वैशाखात वादळ झालं आणि निंबाची एक जाड फांदी गिरणीच्या टिनांवर येऊन पडली. दुपार टळून गेली होती, ओट्यावर कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. पण कॉर्पोरेशनचा माणूस कागद घेऊन आला. धंद्याची जागा, लोकांची येजा. पावसाळ्याआधी मान्यता असलेल्या माणसाकडून झाड तपासून घ्या, कामं करा, त्याची चिठ्ठी आणून द्या. नाहीतर आम्ही पाडू. त्याने यादी दिली, तीत दोनच माणसं होती.

पहिला धंतोलीतला ठेकेदार. छापील लेटरहेड, रबरी शिक्का, खाकी कपड्यांतली माणसं. खालूनच वर बघून म्हणाला, शेंडा उतरवू, कापल्या जागी डांबर लावू, काम फत्ते. दुसरा एका सरकारी बागेतून हेडमाळी म्हणून निवृत्त झालेला, सायकलवर आलेला म्हातारा. त्याचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. कागद दोघांकडेही खरा होता, म्हणजे कागदावरून काही ठरेना. मी दोघांना एकच विचारलं, तुम्ही काम केलेली झाडं दाखवा. माझ्या बापाने मला असंच शिकवलं होतं, गवंडी ठरवायचा तर त्याने बांधलेल्या भिंती बघून ये.

एक दिवस गिरणी बंद ठेवून मी बघून आले. ठेकेदाराची झाडं खाप्याच्या रस्त्यावरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात होती. चुना-गेरूचे पट्टे ओढलेली, रांगेत उभी. लांबून झोकात दिसत होती. जवळ गेले तर शेंडे खुंटलेले, खुंटांवर कोवळ्या काड्यांचे झुपके, आणि दोन झाडं सरळ वाळलेली. म्हाताऱ्याचं झाड वर्धा रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर होतं. मला कळेचना काय कापलं ते. पंपवाल्याने बोट दाखवलं तेव्हा दिसलं, फांदी काढली होती तिथे सालीची गोल कड भरून आली होती, गुडघ्यावरची जुनी जखम भरते तशी. त्याच क्षणी मला कळलं, कोण खरा ते.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने लाकडी मोगरीने बुंधा ठोकत ठोकत फेरी मारली, आपण टरबूज पारखतो तसं कान लावून. मग ओट्याच्या कडेचं सिमेंट छिन्नीने थोडं उडवलं आणि आत बोट घातलं. चहात बुडवलेल्या टोस्टासारखा लाकडाचा भुगा बाहेर आला.

"बाई, तुमचा ओटा याचा गळा आवळून राहिला. पाणी आतच मुरते अन् बुड सडून राहिलं. अजून वेळ गेली नाही. ओटा काढा, मग मी फांद्या हलक्या करतो."

मी म्हटलं, फांद्या करा, ओटा राहील.

"काहून? बाजूले लाकडाचा बाक ठेवा ना."

बाकावर चार बाया बसतात, ओट्यावर पंधरा. शिवाय फोडाफोडीत पावसाळा गेला असता, आणि सवय मोडायला आठ दिवस पुरतात. एकदा का बाया डबे ठेवून घरी जायला लागल्या की परत कोणी बसायला येत नाही. हे त्याला कसं सांगायचं? मी म्हटलं, माझी जागा आहे, मी ठरवीन. तो चिडला नाही. म्हणाला, "मग माह्याकडून चिठ्ठी नाही भेटणार," आणि मोगरी पिशवीत घालून सायकलवर बसून गेला.

ठेकेदाराने ओट्याला हात लावला नाही. शेंडा उतरवला, डांबर फासलं, गेरूचा पट्टा ओढला आणि चिठ्ठी दिली. पावसाळ्यात निंबाला भरभरून पालवी आली. मी मनातल्या मनात म्हाताऱ्याला म्हटलं, बघ!

पुढचा पाडवा आला. गुढीला आणि प्रसादाला लागणारा निंबाचा फुललेला डहाळा सगळी वस्ती माझ्याच झाडावरून न्यायची. त्या पहाटे बाया आल्या आणि वर बघत राहिल्या. गावभरचे निंब तांबूस पालवीने आणि फुलांनी डवरले होते, माझ्या झाडावर पान नव्हतं. मी म्हटलं, यंदा जरा उशीर आहे. त्या पुढच्या गल्लीत गेल्या. मीही माझ्या गुढीसाठी पाला मागून आणला.

वैशाखात कॉर्पोरेशनच्या माणसांनी दोन दिवसांत झाड उतरवलं. ओटा मात्र शाबूत होता. एक फरशी हलली नाही.

त्या उन्हात कोण बसणार? बाया येऊन ओट्यावर डबे ठेवायच्या आणि पदर डोक्यावर घेऊन घरी जायच्या. अकराला ओटा भरलेला असायचा, तेलाच्या, तुपाच्या, बिस्किटांच्या डब्यांनी. मी दोन दळणांच्या मध्ये मोटर बंद करायची सवय सोडली. रडायची, हेही सांगून टाकते. पट्ट्याच्या आवाजात कोणाला ऐकू जात नसे.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी म्हातारा आला. त्याची लेक मागच्या लेआउटातल्या नव्या घरात राहायला आली होती, तिचं दळण होतं. त्याने बुंध्याच्या जागेकडे बघितलं. मी वाट बघत होते की हा आता बोलेल, सांगितलं होतं म्हणेल. निदान भांडण तरी झालं असतं. तो म्हणाला, गहू आहेत, बारीक दळा.

मी म्हटलं, "बसा ना भाऊ थोडं. दळण होईपर्यंत."

त्याने ओट्यावर तळहात टेकवला आणि लगेच उचलला.

"तापला आहे, बाई."

त्याने आपला डबा रांगेत ठेवला आणि तो घरी गेला.