झाकलेली पन्नास कलमे

धाकटीने उद्यानविद्येला प्रवेश घेतला त्या दिवशी आत्याने विचारले होते, "चार वर्षं शिकून शेवटी कुंडीत मातीच भरायची ना?" शिवणकाम करणारे वडील सुईत दोरा ओवत म्हणाले, "भरू दे. माती निदान माप चुकलं म्हणून भांडायला येत नाही." वैद्यकीयचे गुण थोडक्यात हुकले होते, त्यामुळे हा विनोद घरात बरेच दिवस मलमासारखा वापरला गेला.

चौथ्या वर्षी वर्ग पांगू लागला. कोणी बियाणे कंपनीत, कोणी हॉटेलांच्या हिरवळी राखायला, दोघी प्रयोगशाळेत. एकाने तर सरळ बँकेची परीक्षा दिली. धाकटीला मात्र कलमेच बांधायची होती. शेवटच्या सत्रात विद्यापीठाने तिला एका रोपवाटिकेत उमेदवारीला पाठवले. तिथल्या मुख्य माळ्याला सारे मास्तर म्हणत. त्यांची अट सरळ होती. "पन्नास कलमं बांध. एकविसाव्या दिवशी चाळीस जगलेली दाखव. नोकरी तुझी."

तिने बांधली. मुळं धरलेल्या खुंटरोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर दिली, चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवली, पट्टी आवळली आणि वर प्लॅस्टिकची टोपी चढवली. मास्तरांनी दोन कलमे निरखून नुसते "हं" केले. ते म्हणजे दुसऱ्या कोणी पाठ थोपटल्यासारखे होते.

"आता विसरून जा," ते म्हणाले.

विसरणे जमत असते तर आणखी काय हवे होते? दाराला कुलूप लावून ते ओढून बघायला जिन्यावरून दोनदा परत येणारी मुलगी ती. चौथ्या दिवशी मनात पाल चुकचुकली : पट्टी सैल तर राहिली नसेल? तिने एक टोपी अलगद उचलली. काडी हिरवी होती. जीव भांड्यात पडला. पण मग शेजारच्या काडीचे काय? दुसऱ्या दिवशी कालच्या हिरवेपणाचा भरवसा उरला नाही. सगळ्यांच्या आधी येऊन ती वाटेलगतच्या दोन ओळी रोज उघडून बघू लागली. भिंतीकडच्या तीन ओळींपर्यंत हात पोहोचत नसे. त्यांची काळजी ती दुरूनच करी. दहाव्या दिवशी एक काडी तपकिरी दिसली, तेव्हापासून ती दुपारीही बघू लागली.

एकविसाव्या दिवशी मास्तरांनी टोप्या काढल्या. भिंतीकडच्या तीस कलमांत दोनच मेली होती. वाटेलगतच्या विसांत जगली होती सहा.

"चौतीस," मास्तर म्हणाले. "या बाजूला पाणी कमी पडलं का?"

'हो' म्हटले असते तर निभावले असते.

"नाही मास्तर. मी टोप्या उघडून बघत होते."

"किती वेळा?"

"रोज."

"अगं, आत दमट हवा कोंडून राहावी म्हणून तर टोपी. तू त्यांना रोज वाऱ्यावर सोडलंस. हे चार वर्षांत शिकवलं नाही कोणी?"

"शिकवलं. परीक्षेत आलं होतं, पाच गुणांना."

"किती मिळाले?"

"पाच."

मास्तरांनी मान वळवली; हसू आले असावे. मग म्हणाले, "चाळीस म्हणजे चाळीस. आज नोकरी देता येणार नाही. सत्र संपायला किती दिवस आहेत?"

"तेवीस."

"मग आजच नव्यानं बांध."

"ही माझ्यापासून लांब ठेवता येतील?"

"नोकरी लागल्यावर कुठे ठेवशील?"

नवी पन्नास कलमे तिच्या कामाच्या टेबलासमोरच मांडली गेली, आणि या वेळी पाचही ओळी हाताच्या अंतरावर होत्या. चौथ्या सकाळी टोप्यांच्या आत बाष्प साचले आणि काड्या दिसेनाशा झाल्या. हिरव्या की तपकिरी, काहीच कळेना. तिने हात पाठीमागे घट्ट धरले, ओळींमधून एकदा चालून आली आणि छाटणीच्या कात्र्या घासायला बसली. अजून सतरा दिवस होते.