कवटीच्या तळातला वळणाचा बोगदा

आमच्या नाटक कंपनीत मुकुट, तलवारी, सिंहासनं बनवणाऱ्याला सगळे डिंकमास्तर म्हणायचे. बोटं कायम चिकट. कंपनी बंद पडली आणि पन्नाशीत त्याला वैद्यकीय महाविद्यालयात कवटीचे नमुने बनवण्याचं काम मिळालं, तेही अटीवर. नमुना पसंत पडला तर नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता.

पहिली कवटी दाखवायला निघाला तेव्हा मी, कंपनीतली जुनी नटी, हौसेने सोबत गेले. समोरून अशी, की बघत राहावं. शरीररचना शिकवणाऱ्या बाईंनी ती उलटी केली आणि तळाच्या छिद्रात तार घातली. तार टक्कन आपटली. छिद्रं काळ्या रंगाने रंगवलेली होती.

"मास्तर, ही भोकं खोटी आहेत."

"बाई, पाचव्या रांगेतून अगदी खोल दिसतात."

"माझी मुलं नाक लावून बघतात हो. या मोठ्या छिद्रातून मज्जारज्जू खाली उतरतो, यातून जबडा हलवणारी नस, यातून मेंदूचं रक्त. रस्ताच बंद, तर मी काय शिकवू? आठ दिवस देते."

घरी त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, ऐकवलं, "जन्मभर दर्शनी बाजू रंगवलीत, आता भोगा." पण प्लास्टर कालवायला पदर खोचून त्याच बसल्या.

सरळ छिद्रं जमली. घोडं अडलं ते रक्तवाहिनीच्या बोगद्यापाशी. तो खालून वर शिरतो आणि हाडाच्या आतच काटकोनात पुढे वळतो. भोक पाडायचा सामता सरळच जाणार, तो कुठला वळायला? चार कवट्या तडकल्या. सातव्या दिवशी मास्तरने मेणाची वाकडी कांडी साच्यात ठेवली, भोवती प्लास्टर ओतलं, वाळल्यावर वाफेवर धरलं. मेण वितळून टपटप गळालं. मला निरोप आला, "ताई, उद्या याच."

बाईंनी मऊ तार खालून आत सरकवली. अडली. मास्तर जमिनीकडे बघत उभा. बाईंनी बोटांनी तार जराशी फिरवली, आणि ती वळून कवटीच्या आत अलगद डोकावली.

दार उघडून बाईंनी अख्खा वर्गच आत बोलावला.

"मास्तर, तुम्हीच दाखवा. आता रोज यायचंच आहे तुम्हाला."

तीस वर्षं पडद्यामागे राहिलेला माणूस. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"बोल की," मी म्हटलं, "आवाज पोटातून काढ."

त्याने घसा खाकरला, मोठ्या छिद्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मुलांनो, इथून सुरुवात करू."