दोन माईकची डबी

आईच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. गाठ साधी आहे, आणि आवाज आहे तसाच राहील याची खात्री देता येत नाही. आईने पहिली ऐकली, मी दुसरी. ऑपरेशनला सतरा दिवस होते.

माझी आई विहिणीची गाणी म्हणते. लग्नाच्या पंगतीत विहीण जेवायला बसली की मुलीकडच्या बायकांनी गाण्यातून तिची चेष्टा करायची आणि मुलाकडच्यांनी ती गाण्यातूनच परतवायची, असा तो प्रकार. इस्लामपूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथे मुलीकडची बाजू आई म्हणते आणि मुलाकडची माझी काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ. लग्न कुणाचंही असो, बाजू ठरलेल्या. दोघींना पार कुपवाडपर्यंत बोलावणी यायची. निम्मी गाणी जागेवर रचलेली असतात. ती कुठे लिहून ठेवलेली नाहीत, कारण लिहून ठेवण्याइतकी सभ्य नाहीत.

मी साताऱ्यात शाळांच्या गणवेशांचं शिवणकाम घेते. आठ मशिनं आहेत. त्या आवाजात रेकॉर्डिंग शक्य नव्हतं, म्हणून माहेरी जाऊनच करायचं ठरवलं. आधी फोनवर करून पाहिलं. आई घागरीत तोंड घालून गातेय असं वाटत होतं, आणि वर चढली की फोन तिचा आवाज दाबून टाकत होता. जिच्या वरच्या पट्टीसाठीच एवढा खटाटोप, तीच पट्टी फोनला नको होती. माझ्या मुलीने पुण्याहून सांगितलं, एक साधा माईक घे आणि माईक न् लॅपटॉपच्या मध्ये लावायचा ऑडिओ इंटरफेस घे.

सांगलीत एक साउंडवाले आहेत. पूर्वी लग्नांत कर्णे लावायचे, आता दुकान टाकलंय. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठे. त्यांनी काउंटरवर इंटरफेसच्या चार डब्या मांडल्या. साबणाच्या डबीएवढी एक, टिफिनएवढी एक, मधल्या दोन.

मशीन घेताना मी तीन प्रश्न विचारते, तेच विचारले. वीज कुठून घेते? बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आणि हाताला तेल असलं तर बटण फिरतं का?

"तेल कशाला लागंल हाताला?" ते म्हणाले.

"स्वयंपाकघरात बसून गाणार आहे ती. तिथेच भिंती कमी घुमतात."

त्यांनी मान हलवली आणि टिफिन बाजूला केला, कारण त्याला वेगळी वीज लागायची आणि आमच्या गावी दुपारी वीज असेलच असं नाही. उरलेल्या तिन्ही लॅपटॉपच्याच वायरवर चालणाऱ्या होत्या. एकीची बटणं मुगाच्या दाण्याएवढी होती, तीही गेली. उरल्या दोन. एकीला एक माईक लागायचा, दुसरीला दोन.

"गाणार कोण?"

"आई."

"किती जणी?"

"आई एकच असते."

ते हसले. "ताई, एकाची घेतली आन् उद्या दुसरा माईक लागला तर?"

"नाही लागणार," मी म्हणाले. आई आणि काकूचं बोलणं दीड वर्ष बंद होतं. काकूचा विचार मी केलाच नव्हता. जे लागत नाही ते घ्यायचं नाही, हा माझा धंद्यातला नियम आहे, आणि एरवी तो बरोबर असतो.

त्या शनिवारी स्वयंपाकघरात पाटावर आईला बसवलं. फ्रिज बंद केला, कुकर उतरवला, दाराच्या फटीला पोतेरं लावलं. माईक स्टीलच्या डब्यावर गोधडीची घडी घालून तिच्यावर ठेवला. डबीवरचं बटण फिरवून आवाज किती घ्यायचा ते ठरवलं. लाल दिवा लागला तर जास्त, हिरवा राहिला तर ठीक. आईच्या कानांवर हेडफोन चढवले. तिने घसा खाकरला आणि सुरू केलं.

विहीणबाई आली, गाडीतनं उतरली,
पदर सावरता सावरता पिशवीच विसरली...

आवाज काय लागला होता. हिरवा दिवा जेमतेम हिरवा राहत होता. दोन ओळी झाल्या आणि आई थांबली.

"म्हण की पुढं."

"पुढचं माझं न्हाई."

"मग तुझं जे आहे ते म्हण. मधलं सोडून दे."

तिने डोळे मिटले, प्रयत्न केला, परत थांबली. तिसऱ्यांदा तेच. हेडफोनमध्ये तिचाच आवाज किंचित उशिराने तिला परत ऐकू येत होता. तिने हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"माझंच मला माघारी ऐकवू नगंस. मला उत्तर पायजे. तिनं काय म्हटलं ते कळल्याबिगर मी काय म्हणू?"

"तिची बाजू पण तूच म्हण. चाळीस वर्षं ऐकतेस."

"ऐकलीया. म्हटलेली न्हाई. दुसऱ्याची बाजू म्हणायची नसती. तिनं म्हटली, म्हणून तर बोलत न्हाई मी."

भांडण जमिनीच्या बांधावरून असेल असं मी इतके दिवस धरून चालले होते. कारण भलतंच निघालं. दीड वर्षापूर्वी भावकीतल्या एका लग्नात आई तापाने फणफणली होती. काकू एकटीच गेली आणि तिने दोन्ही बाजू म्हटल्या.

"मी जिवंत असताना," आई म्हणाली.

काकू दोन घरं सोडून राहते. मी तशीच उठून गेले. ती अंगणात हळदीचे गड्डे निवडत होती. तिला सगळं सांगितलं, गाठ, ऑपरेशन, आवाज. गाठीचं तिला माहीत होतं. आवाजाचं नव्हतं. तिचा हात थांबला, पण लगेच परत चालू झाला.

"तुझ्या आईला म्हणावं, मी काय करायचं होतं? मुलाकडची मी. मी शिव्या द्यायच्या आन् मुलीकडच्यांनी मुकाट ऐकून घ्यायच्या? ती पोरगी पाटावर बसलेली, तिच्याकडनं बोलायला कोण न्हाई. बरं दिसलं असतं का?"

"हे तिला सांगितलंस?"

"सांगायला तोंड कुठं दाखवतीया ती. आन् हे बी सांग, त्या दिवशी मी तिचीच बाजू जिंकवली. माझ्याच तोंडानं मी हरलो."

आमच्या भागातल्या जुन्या बायका 'मी आलो, मी हरलो' असंच बोलतात. साताऱ्यात सुरुवातीला माझ्या तोंडून ते निघालं की सासरचे हसायचे.

"येशील का मग?"

"येतो. पण तिच्या माईकवर तोंड घालणार न्हाई मी. माझा मला येगळा पायजे."

सोमवारी मी परत सांगलीच्या दुकानात. त्यांनी डबीचं खोकं पाहिलं, मग मला पाहिलं.

"काय ताई, आई दोन निघाल्या का?"

"बदलून द्या. आणि माईक अजून एक."

"ह्या दोघी जावांच्या पंगतीला मी कर्णा लावलेला हाय," खोकं उघडताना ते म्हणाले. मी कुठली, कुणाची ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "माईक एकच असायचा. दोघींच्या ओढाओढीत वायर दोनदा तुटली. म्हणून त्या दिवशी इचारलं, किती जणी."

"मग तेव्हाच नाही का सांगायचं?"

"तुमी बोलू दिलं कुठं?"

ते खरं होतं.

दोन माईकच्या डबीत दोन्ही आवाज वेगवेगळे राहतात, हवा तो कमी-जास्त करता येतो, हवा तो एकटा ऐकता येतो. हे त्यांनी दोनदा समजावलं. मला त्या वेळी एवढंच हवं होतं की दोघींना एकमेकींच्या जवळ बसावं लागू नये.

पुढच्या शनिवारी आई कट्ट्याला टेकून बसली, काकू मांडणीला. मध्ये मी, लॅपटॉप आणि डबी. काकू आल्यापासून दोघींचा एक शब्द झाला नव्हता. आईने माझ्याकडे बघत विचारलं, "त्यांना पाणी इचार." काकू माझ्याकडेच बघत म्हणाली, "पिऊन आलोय म्हणावं." मी दोन्ही बटणं लावली आणि आईला खूण केली.

पिशवी विसरल्यापर्यंत आई आली, आणि काकूने भिंतीकडे बघत उचललं.

पिशवीत निघाला लाडू, लाडवात निघाला खडा,
मुलीकडचा पाहुणचार, दाताचा पडला तुकडा.

आईने एक क्षणही घेतला नाही.

खडा नव्हे तो विहीणबाई, ती होती खडीसाखर,
कवळी काढून ठेवा आधी, मग वाढते भाकर.

काकूला गेल्याच महिन्यात खरोखरची कवळी बसवलेली होती. काकूने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग तिने आईच्या गाठीवर एक ओळ रचली. मी ती इथे लिहीत नाही. आई हसून हसून लाल झाली आणि तिच्या बाजूचा दिवाही लाल झाला. मी बटण खाली केलं. दोघी सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या, म्हणून साडेपाचला थांबायचं ठरलं होतं. सहा वाजले तरी कुणी थांबायचं नाव घेईना.

शेवटच्या गाण्यात मुलीची पाठवणी येते. तिथे चेष्टा संपते आणि मुलीकडची बाजू एकदम वर चढते. आई चढली आणि अर्ध्यावर तिचा आवाज फुटला. पुढे शब्दच येईना. काकूला ती ओळ येत होती. एकदा म्हणून झालेली होती. मी डोळ्यांनी तिला खुणावलं, उचल. तिने नाही म्हणून मान हलवली आणि माईकपासून मागे सरकून बसून राहिली. आई पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं, आणि ओळ पहिल्यापासून घेऊन पुरी केली. थोडी खालून, पण पुरी.

मधली ती शांतता अजून रेकॉर्डिंगमध्ये आहे. मुलगी म्हणाली, कापून टाकू. मी नको म्हटलं.

मग आई उठली आणि थेट काकूला म्हणाली, "जेवूनच जा. दिवस बुडायला आलाय."

ऑपरेशन मिरजेला झालं. गाठ साधीच होती. डॉक्टर दोन्ही बाबतींत खरे ठरले. आवाज आला, पण खालचा आणि जाडसर. चार महिने वाट पाहिली, वरची पट्टी परत आली नाही. आईने तक्रार केली नाही. फक्त माघात एक बोलावणं आलं तेव्हा तिने फोनवर "आता न्हाई जमत" म्हणून सांगितलं. नेमकी काकू तिथे बसलेली होती.

"जमत न्हाई म्हंजे? अक्का, बाजू बदल. मुलाकडची खालनंच हाय. माझी तू घे, तुझी मी घेतो."

"तुझी मला येत न्हाई."

"शिक."

"दुसऱ्याची बाजू..."

"मी दितोय न्हवं? चोरतीयास थोडीच?"

 आई मग मला फोन करून म्हणाली, ती डबी घेऊन ये.

डबी लागणार नव्हती, लॅपटॉप पुरेसा होता, पण मी दोन्ही नेलं. रेकॉर्डिंगमधला आईचा आवाज पूर्ण बंद केला, काकूचा तेवढा ठेवला आणि आईच्या कानांवर हेडफोन चढवले. एका माईकची डबी घेतली असती तर हे झालंच नसतं. साउंडवाल्यांना फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, मी सांगत हुतो.

आई पाटावर बसून ओठ हलवत होती. काकू शेजारी वाटाणे सोलत होती. तिला ऐकू काहीच येत नव्हतं. बऱ्याच वेळाने आईने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"हितं चुकलीस तू," ती काकूला म्हणाली. "दाताचा न्हवं, दाढंचा तुकडा."

"मग तू बरोबर म्हण," काकू म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.