सिनेमाखालच्या ओळी आणि आईची वही

गेली तीन वर्षं माझ्या आईला ऐकू येत नाही. डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर थोडं पोचतं, आणि घरातल्यांच्या ओठांवरून ती बरंचसं ओळखते. कानाचं मशीन आणलं होतं. ते शिट्टी वाजवतं म्हणून तिनं ते डबीत घातलं आणि डबी देवाच्या फळीवर ठेवली. तिथंच आहे अजून.

आमच्या घरात रविवारी सिनेमा असतो. निपाणीत होतो तेव्हापासूनची ही सवय, अनगोळला राहायला आलो तरी सुटली नाही. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं साडेसहाला ताटं धुऊन सगळे मोकळे. मी, बायको आणि आई कॉम्प्युटरसमोर बसायचो. कान गेल्यावरही आई बसायची. आम्ही हसलो की आमच्या तोंडाकडं बघून तीही हसायची, जरा मागाहून. मग दहा-पंधरा मिनिटांनी उठून आत जायची आणि कपड्यांच्या घड्या घालत बसायची. घड्या आधीच घातलेल्या असायच्या, त्या मोडून परत घालायची. मला ते बघवेना. आईला परत सिनेमासमोर बसवायचंच, असं मी ठरवलं.

सिनेमाही ठरलेला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी आप्पांनी तिला निपाणीच्या टॉकीजमध्ये नेऊन दाखवलेला, जुना, काळापांढरा, विनोदी. जावई सासऱ्याला ओळखत नाही आणि त्यालाच घरगडी म्हणून ठेवून घेतो, अशी काहीतरी गोष्ट. आप्पा हसून हसून खुर्चीवरून घसरले होते, हे आई आजवर शंभरदा सांगून झालीय. आप्पा जाऊन आठ वर्षं झाली. त्या सिनेमाची सीडी माझ्याकडं होती. ती मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

आता खाली ओळी हव्यात. इंटरनेटवर धुंडाळल्यावर कुणा भल्या माणसानं इंग्रजीत केलेली सबटायटलची फाइल सापडली. इंग्रजी आईच्या काय कामाची? पण फाइल उघडून बघितली तर आत नुसता साधा मजकूर निघाला: ओळीचा नंबर, कुठल्या सेकंदाला यायची, कुठल्या सेकंदाला जायची, आणि खाली वाक्य. हे एवढंच असतं होय! मला वाटलं होतं आत काय मोठं यंत्र असेल. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. वेळा तशाच ठेवायच्या आणि इंग्रजी पुसून तिथं सिनेमातलं मराठी वाक्य घालायचं, हे तर माझंच काम. रोज शाळेतून आलो की कानाला हेडफोन लावून बसायचो. थांबव, ऐक, टाइप कर. तीन आठवडे लागले. बायको म्हणायची, एवढं पेपर तपासण्यात लक्ष घातलं असतं तर पोरं पास झाली असती. ती लोंढ्याची, रेल्वेवाल्याची लेक. टोमणा मारताना गाडी थांबवत नाही.

फाइल झाली. सिनेमा लावला तर ओळींचा पत्ताच नाही. माझा स्वभाव असा की बिघाड दिसला की मला जेवण गोड लागत नाही. अर्ध्या तासानं कळलं की सिनेमाचं आणि ओळींच्या फाइलचं नाव तंतोतंत एक लागतं, आणि माझ्या फाइलीच्या नावाला मागं एक जास्तीचं शेपूट चिकटलेलं होतं, जे कॉम्प्युटर मला दाखवतच नव्हता. शेपूट कापलं. ओळी आल्या, पण नुसती प्रश्नचिन्हं! सासरा बोलतोय, खाली दहा प्रश्नचिन्हं. जावई उत्तर देतोय, खाली आणखी बारा. बायकोनं पदराआड तोंड लपवलं. फाइल साठवताना युनिकोड निवडायचं असतं, ते मी केलं नव्हतं. केलं, आणि माझी मराठी अक्षरं पडद्यावर उमटली. छाती फुगली माझी.

तेवढ्यात नवीनच भानगड. पहिलं वाक्य वेळेवर यायचं, पण पुढं पुढं ओळी मागं पडायच्या. मध्यंतरापर्यंत पडद्यावर लग्न चाललंय आणि खाली अजून पोहे खाण्याच्या गप्पा. मी जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागं मोजून लिहायला लागलो. दहाव्या मिनिटाला चोवीस सेकंद उशीर, विसाव्या मिनिटाला अठ्ठेचाळीस. दुप्पट वेळेला दुप्पट उशीर! मला त्या दिवशी खरंच आनंद झाला. म्हणजे कुणी मधेच सिनेमा कापलेला नाही, सगळा सिनेमाच थोडा जोरात पळतोय. ओळी केलेल्या त्या माणसाकडच्या प्रतीत सेकंदाला चोवीस चित्रं होती, माझ्या सीडीत पंचवीस. सगळ्या वेळा त्या हिशेबानं आखडून घेतल्या, आणि ओळी ओठांवर बसल्या. शेवटी आईला वाचायला जरा सवड मिळावी म्हणून प्लेअरमध्ये सगळ्या ओळी दोन सेकंद आधी येतील असंही करून ठेवलं.

रविवारी जेवणं झाली. आईला मधल्या खुर्चीत बसवलं. कुठला सिनेमा ते बघून तिचा चेहरा उजळला. पहिला विनोद झाला. आम्ही हसलो. आईनं आमच्या तोंडाकडं बघितलं आणि मग हसली.

मला वाटलं अक्षरं बारीक असतील. मोठी केली. पांढऱ्यावर पांढरी दिसत नसतील म्हणून पिवळी केली. खाली मान वाकवावी लागते म्हणून वर नेली. आई आपली आमच्याकडंच बघतेय. पंधराव्या मिनिटाला ती उठली. मी चिडलो, खोटं कशाला सांगू. तीन आठवडे घासून केलेलं काम, आणि ही बघायलाही तयार नाही.

पण रात्रभर एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. मोतीबिंदू काढल्यापासून आई रोज सकाळी पोथी वाचते, तीही बारीक टाइपाची, चष्मा न लावता. पोथी कानडी. मग डोळ्यांत दोष नाही. फाइलमध्ये नाही. प्लेअरमध्ये नाही. मग कुठं?

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी आईला परत खुर्चीत बसवलं, सिनेमा एका ओळीवर थांबवला आणि तिच्या डाव्या कानाशी जाऊन म्हणालो, ही ओळ मला वाचून दाखव. आई ओळीकडं बघत राहिली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"मला ही अक्षरं येत न्हाईत रं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. तिचं माहेर चिकोडीकडचं. घरात मराठी, गावात शाळा कानडी. सातवीपर्यंत पहिला नंबर. लग्न होऊन निपाणीत आली तर घरात मराठी पेपर. पण आप्पा तो रोज सकाळी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्यामुळं तिचं कधी अडलं नाही. लग्नाची पत्रिका आली की ती मला म्हणायची, तू वाच, तुझा आवाज चांगलाय. मी ते खरं मानून खणखणीत आवाजात वाचायचो. आणि माझा पहिला लेख दिवाळी अंकात छापून आला तेव्हा तिनं तो अंक आठ दिवस उशाशी ठेवला होता. लई चांगलं लिवलंस, म्हणाली होती.

मी विचारलं, एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंस.

"तू मराठीचा मास्तर. तुझ्या आईलाच मराठी वाचाय येत न्हाय म्हणून कुणाला सांगू?"

मला इतकी लाज वाटली की मी उगाच माउस हलवत बसलो. लाज तिची नव्हे, माझी. बावन्न वर्षांचा झालो, आणि हे मला कॉम्प्युटरच्या बिघाडातून कळावं!

मग ती उठली आणि ट्रंकेतून आपली वही घेऊन आली. ही वही मी लहानपणापासून बघत आलोय. आत सगळी कानडी अक्षरं, म्हणून मी कधी उघडली नाही. मला कानडी बोलता येतं, बाजारापुरतं आणि कचेरीपुरतं, पण वाचता येतं ते फक्त बसच्या पाटीएवढं. बायकोला मात्र येतं. तिनं वही हातात घेतली, मधलंच एक पान काढलं आणि वाचायला लागली. तिच्या तोंडून मराठी बाहेर पडलं.

"आज पोरगा पहिल्यांदा सायकलवरनं साळंला गेला. कोपऱ्यावर वळून बघितलं न्हाई. मी उभीच हुते."

बायको थांबली. अक्षरं कानडी, भाषा आमच्या घरातली. कानडी अक्षर दिसलं की आत कानडीच असणार, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो होतो. एवढी वर्षं, डोळ्यादेखत, माझ्या आईचं लिखाण घरात पडून होतं, आणि मी बाहेर पोरांना मराठी लेखन शिकवत होतो.

पुढचं काम सोपं निघालं. मराठी मजकूर कानडी अक्षरांत बदलून देणारी सोय इंटरनेटवर आहे, अक्षराला अक्षर. आख्खी फाइल एका मिनिटात बदलली. पडद्यावर आधी चौकोन चौकोन आले, कारण त्या प्लेअरला दिलेल्या फाँटात कानडी अक्षरंच नव्हती. पण असले बिघाड आता माझ्या ओळखीचे झाले होते. फाँट बदलला. मग सगळ्या ओळी कागदावर छापून आईला दिल्या. तिनं पेन्सिल घेऊन दोन दिवसांत त्या तपासल्या आणि परत देताना म्हणाली, बरंय, पर तुझा सासरा लई पुस्तकी बोलतोय. मी गुमान तिच्या दुरुस्त्या घातल्या.

रविवारी परत जेवणं उरकली आणि तिघं बसलो. नावं संपली. सासरा डोक्यावर बोचकं घेऊन दारात आला, जावयानं तोंड उघडलं, आणि आई खळखळून हसली. एकटीच. मी आणि बायको तिच्याकडं बघत राहिलो. मग जावई बोलला, आणि मग आम्हाला हसू आलं. पुढच्या विनोदालाही तसंच. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ओळी दोन सेकंद आधी यायची ती सोय मी प्लेअरमधून काढायला विसरलो होतो. मी पुढं झालो आणि कळेवर बोट ठेवलं.

आईनं माझं मनगट धरलं.

"राहू दे रं," ती म्हणाली. "तीन वरसं तुमची तोंडं बघून हसले. आता तुम्ही माझं बघून हसा."

मी कळेवरचं बोट काढलं.