अण्णाची भवानी

दशरथ आमच्या मरोळच्या चाळीत शेजारीच राहतो. जालन्याकडचा माणूस. आंब्याचं कलम बांधायला बसला की तोंडातून शब्द काढायचा नाही. आरे कॉलनीच्या रस्त्याला अण्णाची नर्सरी आहे, तिथे राबण्यातच त्याची उमेदीची वर्षं गेली.

फळझाडांची कलमं विकायला सरकारी परवाना लागतो. अण्णाने तो कधी काढलाच नाही. कृषी खात्याची धाड पडली तेव्हा त्याने दशरथकडे बोट दाखवून सरळ हात झटकले. ‘‘कलमं ह्याची, धंदा ह्याचा. मी आपली जागा दिली, माणुसकी म्हणून.’’

खटला दशरथवर झाला, तुरुंगात दशरथ गेला. अण्णाच्या जागेवर कोर्टाने फक्त मनाई हुकूम लावला : परवाना मिळेपर्यंत इथून एकही फळझाड विकायचं नाही.

दशरथ सुटून आला, तर ज्या सोसायट्यांच्या बागा त्याने उभ्या केल्या त्यांच्या वॉचमननी त्याला गेटातच अडवलं. त्याची बायको सुंदराबाई म्हणाली, ‘‘जाऊ द्या आता.’’ मी म्हटलं, अजिबात सोडू नका. शेजाऱ्याचं वाटोळं करून कुणी सुखाने झोपावं, हे मला सहन होत नाही.

‘‘सोडतोय कोण, ताई?’’ दशरथ म्हणाला. ‘‘त्याला त्याच पिंजऱ्यात उभा बघायचाय मला.’’

अण्णा महा बेरकी. आंब्याची कलमं मागे ताडपत्रीखाली ठेवायचा, ओळखीच्यांनाच द्यायचा. खात्याची माणसं साध्या वेशात गेली, त्यांना त्याने जास्वंद दाखवून वाटेला लावलं. पण दशरथला त्याची खोड ठाऊक होती. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, अण्णा कधी परत पाठवत नाही. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की अख्खा दिवस बुडाला, अशी त्याची पक्की समजूत.

दशरथने हे खात्याच्या अधिकारी बाईंना सांगितलं. गिऱ्हाईक म्हणून मी गेले. अण्णा नुकताच दुकान उघडून उदबत्ती लावत होता.

‘‘हापूसचं कलम द्या.’’

‘‘फळझाड बंद आहे ना ताई. जास्वंद घ्या, झकास आहे.’’

‘‘राहू दे मग. तुमची भवानी चालली परत,’’ म्हणून मी वळले.

‘‘ओ ताई, थांबा ना!’’

चरफडत त्याने ताडपत्री उचलली, कलम माझ्या हातात दिलं. माझी नोट कपाळाला लावतोय तोच बाई आत आल्या आणि त्यांच्यामागून दशरथ. अण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

‘‘दशरथ, अरे सांग ना यांना,’’ अण्णा काकुळतीला आला. ‘‘तुझ्या वेळची उरलेली आहेत ना ही? आपण घरचे ना रे?’’

दशरथने माझ्या हातातलं कलम घेतलं, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि ते बाईंकडे दिलं.

‘‘कलम ह्यांचं, धंदा ह्यांचा,’’ तो म्हणाला. ‘‘मी आपला साक्षीला आलोय, माणुसकी म्हणून.’’